बेहेऱ्यांकडची दिवाळी

मालनताई चपला सरकवत निघाल्या, तेव्हा त्यांच्या फराळाच्या दुकानाचं सॉफ्टवेअर एकाच वेळी शेकडो गिऱ्हाइकांशी फोनवर त्यांच्याच आवाजात बोलत होतं. "सगळ्यांना फराळाचं विचार," असं त्याला सांगून त्या मोकळ्या झाल्या होत्या. सुलभा बेहेरेचे यजमान श्रावणात गेले, हे त्यांना आत्ता आठवलं. दुःखाच्या घरी यंदा कढई चढायची नाही, आणि आपला आवाज तिला विचारणार, चकली किती पाठवू?

"सुलभा, चुकलंच गं," बेहेऱ्यांच्या दारातच त्या म्हणाल्या. "माझा फोन आला असेल—"

"मला कुठला फोन?" सुलभाने त्यांना आत घेतलं. ओट्यावर मालनताईंच्याच दुकानाचे डबे रचलेले होते. "शेजारणी आणून देतायत. एक डबा सुलभाकडे न्या, असं तूच म्हणे त्यांना सुचवलंस."

मालनताई परसात गेल्या आणि फोनवर सॉफ्टवेअरला हळूच म्हणाल्या, "ही रीत तुला कुणी शिकवली रे?"

"तुमच्या गावाने," त्यांचाच आवाज म्हणाला. "बेहेऱ्यांचं शेजारणींच्या बोलण्यातून कळलं. आणि दुकानाच्या जुन्या नोंदींत दिसतं, कुणी गेलं की त्या घरची ऑर्डर थांबते, आणि शेजारच्यांची वाढते. दरवर्षी."

मालनताई पायरीवर बसल्या. आपण सगळे इतके बरे आहोत, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.