मोकळा हात

"काका, लागलं की नाही ते मी नाही सांगणार. ज्याला लागलं, त्यानंच मोकळा हात वर करायचा," कोच रेवतीनं पुन्हा बजावलं.

मुलुंडमधल्या शाळेचा हॉल, रविवारची सकाळ. फेन्सिंगच्या, म्हणजे तलवारबाजीच्या, क्लबचं टोक लागलं की लुकलुकणारं मशीन नवशिक्यांच्या वाट्याला येत नाही. महिनाभर नुसती पुढेमागे पावलं टाकून झाल्यावर आज पहिल्यांदा जोड्या लागल्या होत्या, आणि रेवतीनं नेमकं नवरा-बायकोलाच समोरासमोर उभं केलं होतं.

"तलवार आपल्या रक्तातच आहे," असं म्हणत मार्तंडरावांनीच दोघांची नावं घातली होती. शुभा आपली सोबतीला म्हणून आली. पण जाळीचा मास्क चढवला, समोरचा चेहरा दिसेनासा झाला आणि तिला भलताच चेव आला. ते पवित्रा घेताहेत तोवर ती पुढे झाली. पातं त्यांच्या छातीवर टेकून चांगलं वाकलं.

मार्तंडरावांचा डावा हात जागचा हलला नाही. "जॅकेटला घासलं नुसतं."

दुसऱ्यांदा बरगडीवर. "माझा पाय घसरला. हे धरायचं नाही!"

तिसऱ्यांदा खांद्याखाली. "तू आधीच निघालीस."

मध्येच त्यांच्या पात्याचं टोक शुभाच्या पोटाला जेमतेम शिवलं. कुणाला दिसलंही नसतं. तिनं लगेच हात वर केला.

"शाब्बास!" ते म्हणाले.

शुभाला हसू आलं, मग संताप आला. जिंकायचं कुणाला होतं? बत्तीस वर्षांच्या संसारात रस्ता चुकला तर पाटी चुकीची, दूध उतू गेलं तर शेगडी खराब. एकदा, फक्त एकदा या माणसाचा हात वर गेलेला तिला बघायचा होता. मग ती भान विसरून नुसती पुढे पुढे जात राहिली. कुठे लागलं, कुठे नाही, तिचं तिलाच कळेना.

वेळ संपली. काका एक, काकू शून्य. रिक्षात घरी येईपर्यंत मार्तंडराव तिला तिच्या चुका समजावून सांगत होते.

आंघोळीआधी बनियन काढताना त्यांच्या तोंडून "आई गं" निसटलं. शुभा मलमाची ट्यूब घेऊन आली. छातीवर, बरगडीवर, खांद्याखाली. रुपयाएवढे तीन लालनिळे डाग.

"हा घासलेला," मलम चोळत ती म्हणाली. "हा पाय घसरलेला. आणि हा मी आधीच निघालेली. बरोबर ना हो?"

"जॅकेटच पातळ आहे त्यांचं."

सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शुभानं ट्यूबचं झाकण लावलं. तिला आता रागही येईना, नुसतं दमल्यासारखं झालं. ती दाराकडे वळली.

"शुभा."

ती थांबली. मार्तंडराव तिच्याकडे न बघता आरशात बघत होते. मग त्यांनी डावा हात सावकाश वर केला, पार डोक्याच्याही वर. काखेखाली आणखी एक डाग होता, तिन्हींपेक्षा मोठा.

"हा तुला कळलाच नव्हता," ते म्हणाले.