सिंहाच्या भिंतीपाशी

"जहांगीर, परत तीच बाई बघ." तूरानने नवऱ्याचा दंड दाबला. "दगडी बैलांच्या दारापासून त्या पोरीच्या मागावर आहे."

जहांगीरने सूर्यफुलाच्या बीचं टरफल थुंकलं. "तुला तर घरात उंदीर शिरला तरी दरोडा पडल्यासारखं वाटतं. नवरोजची सुट्टी आहे. अख्खं शिराझ लोटलंय तख्त-ए-जमशीदचे जुने अवशेष बघायला. सगळेच एकमेकांच्या मागे आहेत!"

तूरानच्या जिवाला काही चैन पडेना. काळा चष्मा लावलेली ती बाई थांबायची, मोडक्या खांबाआड व्हायची, पुन्हा निघायची. पुढे एक माणूस आपल्या चिमुरडीला भिंतीत कोरलेला, बैलावर झेपावलेला सिंह दाखवत होता.

"सारा, बघ कसा चावलाय!"

त्याचा फोन वाजला. बोलत बोलत तो जरा बाजूला झाला. तेवढ्यात ती बाई पुढे सरकली आणि मुलीसमोर गुडघे टेकून बसली.

"महताब," ती हळूच म्हणाली, "इकडे ये, माझ्या जिवा."

मुलगी घाबरून भिंतीला चिकटली.

पोरीचं नावसुद्धा ठाऊक नाही हिला! तूरान पुढे धावली.

"अहो, मुलीला सांभाळा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "ही बाई मघापासून तुमच्या मागे आहे!"

माणसाने वळून पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने मुलीला खांद्यावर टाकलं आणि गर्दीतून वाट काढत धूम ठोकली. बाई त्याच्यामागे झेपावली, पण तूरानने तिचं मनगट धरलं ते सोडलंच नाही.

"सोडा! खुदासाठी सोडा मला!"

"आता पोलिसांपुढेच सोडीन. पोरं पळवतेस?"

झटापटीत बाईचा चष्मा पडला, डोक्यावरचा रुमाल खांद्यावर आला. जहांगीरनेही तिचा दुसरा हात पकडला. शिट्टी फुंकत पहारेकरी येईपर्यंत खालच्या रस्त्यावरून एक पांढरी गाडी भरधाव निघून गेली होती.

तूरानने बाईचं मनगट पहारेकऱ्याच्या हाती दिलं. पोर वाचली होती.

बाईने झटापट थांबवली. ती पायरीवर मटकन बसली. रस्त्यावर उरलेल्या धुळीकडे बघत राहिली.

"अंगावर पीत होती, तेव्हा उचलून नेली त्याने," ती म्हणाली. "आज सापडली होती माझी लेक."