पाचाचे अडीच

“कशाचं?” सासूबाईंनी मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून विचारलं.

“काय कशाचं, आई?” सून चहा गाळत होती. सासूबाईंच्या वेबसाइटवरची बाराशे उत्तरं एका फटक्यात दुरुस्त करून ती नुकतीच उठली होती आणि स्वतःवर जाम खूश होती.

“इथे लिहिलंय, ‘दिवसातून तीनदा .5 मिली द्या.’ कशाचं द्या? पाण्याचं?”

सुनेने गाळणी तशीच कपावर सोडली.

सासूबाई चौतीस वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात नर्स होत्या. आता घरबसल्या नव्या आईबापांच्या प्रश्नांना उत्तरं लिहायच्या. सगळे त्यांना सिस्टरआजी म्हणत. तापाच्या सिरपची ताकद कंपनीने दुप्पट केल्याचं काल कळलं होतं. पाच मिलीच्या जागी आता अडीच हवं होतं. उत्तरं जुनीच राहिली असती, तर तान्ह्या बाळांना दुप्पट औषध गेलं असतं.

हाताने बदलायला पंधरवडा लागला असता, म्हणून सुनेने पीएचपी या संगणकाच्या भाषेत काही ओळी लिहिल्या. अडचण एकच होती. सिस्टरआजींनी त्या एका औषधाला नावं द्यायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. कुठे ‘तापाचं सिरप’, कुठे ‘ते लाल औषध’, कुठे नुसतं ‘गोड सिरप’. सुनेने या सगळ्यांना पकडणारी एकच रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शब्द शोधायचा साचा, बसवली. जे नाव सापडेल ते, पुढच्या मोकळ्या जागेसकट, पहिल्या कंसात धरायचं, बदलताना तेच परत ठेवायचं आणि पुढच्या 5 ऐवजी 2.5 लिहायचं. आजींचे शब्द आजींचेच राहिले पाहिजेत, एवढाच तिचा हेतू.

आता ती स्वतःचीच ओळ बघत होती. $12.5 मिली. डॉलर एक म्हणजे पहिला कंस. पण त्याला अडीचातला दोन चिकटून बसला होता, आणि संगणकाने बारावा कंस वाचला. बारावा कंस नव्हताच, म्हणून त्याने तिथे काहीच ठेवलं नाही. नाव गेलं, अडीचातला दोनसुद्धा गेला. बाराशे ठिकाणी उरलं ते .5.

तिने आधी साइट बंद केली. उत्तरं सात मिनिटं तशीच लोकांसमोर होती.

“जुनं असेल ना कुठेतरी?” सासूबाईंनी विचारलं.

“बॅकअप रविवारी होतो. आज शनिवार.” सुनेने तारीख पुन्हा पाहिली. “या आठवड्यात तुम्ही ऐंशी उत्तरं लिहिलीत, आई. कुठे लाल होतं, कुठे गोड होतं, आता कोण सांगणार?”

सासूबाई रागावल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या.

“अगं, पण आपण खोडतो कुठे?”

वॉर्डात केसपेपरवर चूक झाली तर ती गिरवून काळी करायची नाही, हा सासूबाईंचा शिरस्ता. एक सरळ रेघ मारायची, बाजूला सही. खालचं वाचता आलंच पाहिजे. साइट करताना यावरून दोघींचं चांगलं वाजलं होतं. शेवटी सुनेने धुसफुसत, दुरुस्तीआधीची प्रत जपून ठेवणारं एक फंक्शन लिहून टाकलं होतं.

“ते तुम्ही बटण दाबता तेव्हा होतं. माझ्या स्क्रिप्टने तर…” ती थांबली. थेट लिहिलं होतं, की त्या फंक्शनमधून? सकाळी घाईत काय केलं, काही आठवेना. ती एकेक ओळ खाली सरकत गेली. अगदी शेवटी ते फंक्शन होतं. नवीन लिहायचा कंटाळा आला, म्हणून तिने जुनंच लावून दिलं होतं.

“आहेत,” ती म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं. “सगळी आहेत, आई.”

“मग डोळे पूस आणि कामाला लाग.”

जुनी उत्तरं परत आली. सुनेने डॉलरपुढच्या एकाला स्वतंत्र महिरपी कंसात बसवलं, दोनापासून वेगळं. या वेळी आधी एकच उत्तर बदललं, मग दहा. सासूबाई मोठ्याने वाचत होत्या. “तापाचं सिरप 2.5 मिली. बरोबर. लाल औषध 2.5 मिली. बरोबर.” मग उरलेली सगळी. कोणतीही पन्नास काढून तपासली, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

साइट पुन्हा उघडली आणि लगेच मोबाईल वाजला. एका बापाचा निरोप होता, खाली नंबरही होता. ‘आजी, मघाशी तुमच्या उत्तरात औषधाचं नाव दिसत नव्हतं. मुलगी तापलीय. तुम्हाला विचारल्याशिवाय द्यायचा धीर झाला नाही.’

सासूबाईंनी तो दोनदा वाचला आणि सरळ नंबर फिरवला.

“मी सिस्टरआजी. चूक आमच्याकडून झाली. बाटली हातात घे आणि वरचं नाव मला वाचून दाखव. आकडा नंतर.”

पलीकडे तो बाटली शोधायला गेला. मुलगी तोवर रडून सगळं घर डोक्यावर घेत होती. सासूबाईंनी क्षणभर ऐकलं, आणि फोन सुनेच्या कानाला लावला.