डिकीची किल्ली

बेसिल अटवेलनं गवतावर रुमाल अंथरला, त्यावर गुडघे टेकले आणि गाडीत मान घातली. ड्रायव्हरच्या सीटमागे बोट लावून तो तसाच थांबला. मेलेला उंदीर सापडावा तसं त्याचं तोंड झालं. सीटमागे एक खटका होता. खटक्याला सायकलच्या ब्रेकची तार होती, आणि ती तार थेट डिकीच्या कुलपापर्यंत गेली होती.

खटका ओढला की डिकी उघडते, विल्फ टॉमलिननं सांगितलं. गाडी त्याची. बोटं सुजतात हल्ली, म्हणाला, किल्ली फिरत नाही.

आता यात आभाळ कोसळण्यासारखं काय होतं? पण अटवेल म्हणजे जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या क्लबाचा मुख्य परीक्षक. एकोणीसशे सदुसष्ट साली ही गाडी कारखान्यातून बाहेर पडली, तेव्हा डिकी बाहेरून किल्लीनं उघडायची. म्हणजे जगबुडी होईपर्यंत ती बाहेरून किल्लीनंच उघडायची. क्लबाकडे ‘अस्सल’ गाड्यांची एक वही होती. दर जुलैत अटवेल गावच्या क्रिकेटच्या मैदानावर गाड्या लावून घ्यायचा आणि आरसा, टॉर्च, लाल पेन्सिल घेऊन एकेक स्क्रू तपासायचा. एका बिचाऱ्याचं नाव तर त्यानं टायरच्या व्हॉल्व्हच्या टोपणापायी खोडलं होतं. स्वतः त्यानं जन्मात कधी एक तार जोडली नव्हती. पण नाकानं कांदे सोलायला हत्यारं कुठे लागतात?

त्याची स्वतःची गाडी पलीकडे दोरीच्या आत उभी होती. हीच गाडी, हेच साल. अस्सलातली अस्सल म्हणून सलग नऊ वर्षं चांदीचा पेला तिलाच मिळत होता. तिची तपासणी दुसरे दोघे करायचे, पण तेही अटवेलच्याच हाताखाली शिकलेले. तिच्या डिकीची एकुलती एक किल्ली अटवेलच्या जाकिटाच्या साखळीला असायची. त्या कुलपाला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही. बायकोचाही नाही.

“कुणी केलाय हा कसाईपणा?” अटवेलनं विचारलं.

विल्फनं मान खाली घातली. नाव सांगितलं नाही.

मग अटवेलनं सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात त्या कारागिराचा उद्धार केला. त्याला गाडी आणि कोंबड्यांचं खुराडं यातला फरक कळत नसावा, असंही म्हणून घेतलं. लोक हसले. लोकांना काय, रविवार होता आणि चक्क ऊन पडलं होतं.

अकराच्या ठोक्याला अटवेलची बायको म्युरिएल चहा घेऊन आली. हे दरवर्षीचंच. अकराला चहा, एकला काकडीची सँडविचेस, चारला केक. अटवेलनं तिच्याकडे न बघता कप घेतला, दूध जास्त झालंय म्हणाला आणि वही उघडली.

विल्फचं नाव निळ्या शाईत होतं, एकोणीसशे चौऱ्याहत्तर सालचं. अक्षर नोराचं. नोरा म्हणजे विल्फची बायको. त्या काळी क्लबाची वही तीच लिहायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. अटवेलनं त्या ओळीवर लाल पेन्सिल टेकवली.

विल्फचा चेहरा उतरला. ती ओळ खोडू नकोस, खटका आत्ता काढतो, म्हणाला. खटका गेला की डिकी उघडायला दर वेळी शेजाऱ्याला हाक मारावी लागणार, हे त्याला कळत होतं. पण नोराचं अक्षर राहणार होतं. त्यानं स्क्रूड्रायव्हर घेतला. तो सुजलेल्या बोटांतून निसटून गवतात पडला. परत उचलला, परत पडला. अटवेल घड्याळ बघत उभा. उचलून द्यायला काय हात झिजले असते मेल्याचे!

तिसऱ्यांदा तो म्युरिएलनं उचलला आणि स्वतःच्या स्वेटरच्या खिशात टाकला.

“राहू दे, विल्फ. मी बसवलाय, काढायचा तर मीच काढीन.”

अटवेल हसला. मग हसायचा थांबला. लग्नाआधी म्युरिएल सहा वर्षं नॉटिंगहॅमला सायकलच्या कारखान्यात ब्रेकच्या तारा बसवत होती. ही गोष्ट त्याला माहीत होती. चारचौघांत सांगावी अशी कधी वाटली नव्हती, एवढंच.

कुणी का बसवेना, नियम तो नियम, असं म्हणून त्यानं पेन्सिल पुन्हा ओळीवर टेकवली.

“मग आधी आपलं नाव खोड,” म्युरिएल म्हणाली.

ती दोरी ओलांडून आपल्या गाडीपाशी गेली. तिच्या सीटमागे नेहमीसारखी विणकामाची पिशवी होती. नऊ वर्षांत ती पिशवी उचलून बघायचं एकाही परीक्षकाला सुचलं नव्हतं. म्युरिएलनं पिशवी बाजूला केली आणि कार्पेटखाली हात घातला. खट् आवाज झाला आणि अस्सलातल्या अस्सल गाडीची डिकी उघडली. आत थर्मास होता, टोपली होती, आणि एक वाजताची सँडविचेस.

अटवेलनं साखळी चाचपली. किल्ली जागच्या जागी होती. हे कधीपासून, एवढंच त्याला कसंबसं विचारता आलं.

“दहा वर्षं झाली,” म्युरिएल म्हणाली. “त्याआधी मी किल्लीसाठी तुझ्यामागे मैदानभर फिरायचे. किल्ली तुझ्या साखळीला, तू मैदानाच्या त्या टोकाला, मग अकराचा चहा येतो कुठून, हे तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही, बेसिल?”