लाँड्रीतला पहिला आठवडा

दिव्यांगांना नोकरीला लावणाऱ्या समुपदेशक बाईंनी खूप खटपट करून एका मुलीला हॉटेलच्या लाँड्रीत चिकटवलं. मुलगी पंचविशीची, पण कुठलीही गोष्ट सावकाश समजणारी. आईने तिला आजवर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा एकटीला धाडलं नव्हतं.

आठवड्याने बाई चौकशीला गेल्या, तर आई लाँड्रीच्या पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेली.

"रोज येता?"

"जीव थाऱ्यावर राहत नाही हो. घाबरली, रडली, तर तिला कोण आहे इथे?"

आत मुलगी एका बाईसोबत भली मोठी चादर दोन टोकांना धरून झटकत होती आणि दोघी कशावर तरी खुदुखुदु हसत होत्या. समुपदेशक बाईंचा जीव भांड्यात पडला.

"जमतंय ना गं? काही अडचण असेल तर सांग. त्यासाठीच आलेय मी."

मुलीने दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"माझं मस्त चाललंय, ताई. पण आमच्या आईला कुठेतरी कामाला लावा ना. मी इथे यायला लागल्यापासून बिचारीला दिवसभर काही उद्योगच उरलेला नाही."