हिरवा बाण

"आणखी एक राहिलंय," डेल्फीन म्हणाली, आणि ऑर्विलनं पेन टेबलावर टाकलं.

"अगं, तुझी यादी संपायची कधी?"

अमेरिकेतल्या डुलुथमधल्या त्या कंपनीत सात डिझायनर रुग्णालयातल्या यंत्रांचे स्क्रीन आखायचे. त्यांचं जुनं सॉफ्टवेअर शुक्रवारी पाच वाजता कायमचं बंद होणार होतं. नव्यात जे गेलं नाही, ते पुसलं जाणार होतं. सगळ्यांना सुखरूप पलीकडे न्यायचं काम ऑर्विलचं. बाकीच्यांच्या मागण्या साध्या होत्या: तीच बटणं, तेच शॉर्टकट. विभागप्रमुख डेल्फीनचं मात्र सरतच नव्हतं. जुने शेरे हवेत. फायलीत कोण कुठे काम करतंय ते दाखवणारे, नाव लिहिलेले रंगीत बाण हवेत.

"इन्ग्रिडचा हिरवाच राहील ना?"

"हिरवाच. धाकट्या बहिणीचे भारी लाड करतेस बाई!"

ती हसली नाही.

इन्ग्रिड सीमेपलीकडे कॅनडात, थंडर बे शहरात, घरूनच काम करायची. फेब्रुवारीत डेल्फीन आठवडाभर तिच्याकडे राहून आली, येताना तिचा जुना लॅपटॉप घेऊन आली. तेव्हापासून इन्ग्रिड फोन उचलेना. पण रोज नऊला तिचा हिरवा बाण फायलीत उतरायचा, पाखरासारखा भिरभिरायचा, चार शेरे टिपून जायचा.

शुक्रवारी चारपर्यंत बाकी सगळे पलीकडे पोचले.

"तुझी बहीण तेवढी राहिली," ऑर्विल म्हणाला. "खातं उघडताना एकदा कॅमेऱ्याला चेहरा दाखवायचाय. अर्ध्या मिनिटाचं काम. सांग तिला."

डेल्फीन पांढरीफटक पडली. "तिला नाही जमणार. तेवढी सूट दे, ऑर्विल. बाकी काही मागत नाही."

"माझ्या हातात असतं तर दिली नसती का गं?"

ती आपल्या खोलीत गेली. दार लागलं.

ऑर्विलनं जुनी फाइल उघडली. ओसाड पडलेल्या त्या पानावर हिरवा बाण एकटाच उभा होता. त्यानं लिहिलं, "इन्ग्रिड, चल ना. पाचला इथले दिवे जाणार."

बऱ्याच वेळानं उत्तर उमटलं. "मला इथेच राहू दे."

आणि बाण थरथरायला लागला. थांबेचना.

हिला काही होतंय की काय! ऑर्विल धावत गेला आणि न ठोठावताच त्यानं डेल्फीनचं दार ढकललं.

टेबलावर दोन लॅपटॉप होते. दुसऱ्याच्या माऊसवर डेल्फीनचा हात हुंदक्यागणिक थरथरत होता. त्या लॅपटॉपच्या कडेला चिकटवलेल्या छोट्याशा कार्डावर इन्ग्रिड हसत होती. फोटोखाली दोन तारखा होत्या, दुसरी फेब्रुवारीतली.