चमचाभर चव

जाहिराती कुठे आणि किती वाजता दाखवायच्या, ते आखून आखून हेनरिके कंटाळली. म्हणून हॅम्बुर्गच्या त्याच जाहिरात एजन्सीत तिने ग्राहक सांभाळायचं काम मागून घेतलं. पहिलाच ग्राहक कुत्र्यांचं डबाबंद खाणं बनवणारा ब्रोडर्सन. तो निसटला तर तिची नोकरीही जाणार होती.

पहिल्याच भेटीत त्याने डबा फोडून चमचा तिच्यापुढे धरला. "घ्या बाई. चाखल्याशिवाय हे विकणार कसं?"

शिळ्या काळजाचा उग्र वास आला. तरी तिने घास गिळला आणि ती हसून म्हणाली, "वा! अगदी घरच्यासारखं!"

ब्रोडर्सनने खूश होऊन हात पुढे केला.

"काम तुम्हालाच! तुमच्यासारखंच माणूस हवं होतं मला. याला तर माझा कुत्राही तोंड लावत नाही."